चालीचा मधला तुकडा

एकोणीसशे छत्तीस साल होतं. त्या फाल्गुनात माझं लग्न झालं आणि म्हसावदहून मी नंदुरबारला आले, धर्मचंद शेठांची दुसरी बायको होऊन. मला सतरावं लागलं होतं. त्यांची पहिली बायको, लाडकंवरबाई, तापानं जाऊन तीन वर्षं झाली होती. हे सगळं मला लग्नाआधीच ठाऊक होतं. आमच्यात अशा गोष्टी कुणी लपवत नाही. ती दिसायला कशी होती, किती शिकली होती, तिला मूल नव्हतं, हेही मावशीनं सांगितलं होतं. जे कुणीच सांगितलं नव्हतं ते मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळलं, एका सकाळी, तुरीची डाळ निवडताना. मी चौकातल्या खांबाला टेकून बसले होते. ऊन नुकतंच फरशीवर उतरलं होतं. मागच्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, उडालेलं कापसाचं पीस सुपात येऊन पडायचं, मी ते फुंकरीनं उडवायची, ते पुन्हा कुठून तरी यायचं. नव्या घरात हात कामात असले तरी जीव मोकळा राहतो, आणि मोकळा जीव माहेरी जातो. तो जाऊ नये म्हणून मी एक स्तवन गुणगुणत होते. महावीरांच्या जन्माचं होतं. आमच्याकडे पर्युषणात सगळ्या बायका ते एका सुरात म्हणायच्या. मला ते इतक्या लहानपणापासून येत होतं की आपण ते कधी शिकलो हेही आठवत नव्हतं. दुसरं कडवं सुरू केलं आणि वर माडीवर पाण्याचा तांब्या पडला. पितळेचा आवाज फरशीवरून घरंगळत जिन्याच्या तोंडाशी आला आणि थांबला. मी वर पाहिलं. ते जिन्यात उभे होते. अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा.

"हे कुठं शिकलीस?"

"म्हसावदला."

"कुणी शिकवलं?"

"सगळ्याच म्हणतात."

"सगळ्याच," ते म्हणाले. साबणाचा एक ओघळ मानेवरून सदऱ्यात गेला, तो त्यांनी पुसला नाही. "या घरात म्हणू नकोस."

लग्न झाल्यापासून ते माझ्याशी एवढं सलग प्रथमच बोलले होते. तेच वाक्य मी दिवसभर मनात घोळवत राहिले. आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. वडिलांच्या रागाची मला सवय होती. हा आवाज दुसऱ्याच कुणाशी बोलत होता आणि मी मध्ये उभी होते. दुपारी भांडी घासायला दगूबाई आली. ती त्या घरात माझ्या जन्माआधीपासून होती. तिला मी विचारलं, की स्तवनात काय वाईट आहे? तिनं राखेचे हात तसेच वर धरले.

"तू गायनी ना, ते गाणंच नही वं माय. ती पेटीनी चाल शे. वरली मोठी पेटी. लाडकंवर शेठाणी वाजाडे. तुले कोनी सांगं नही?"

"नाही."

"मी एक डाव म्हनी तं शेठ दोन दिन बोलना नही मनासंगे. तू तं नवी नवरी शे, तुले माफ शे." आणि ती हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली.

मला आठवतं, मी उठून परसात गेले आणि उगाच तुळशीपाशी उभी राहिले. मला लाज वाटत होती, पण कशाची ते सांगता येत नव्हतं. मी चोरी केली नव्हती. तरी ज्या घरात मी तिच्या जागी आले होते त्या घरात तिचीच चाल तोंडात धरून आले होते, आणि ती चाल मी माझी समजत होते. माझ्या गळ्यात तेव्हा सोन्याची एक छोटी पत्री होती. तिच्यावर दोन पावलांचा ठसा होता. आमच्या लोकांत दुसरेपणाच्या बायकोनं ती घालायची असते. पहिलीची पावलं गळ्यात असली की ती त्रास देत नाही म्हणतात. लग्नात ती घालताना मला काही वाटलं नव्हतं, दागिन्यांत आणखी एक दागिना. त्या दुपारी ती घामानं छातीला चिकटली होती आणि मी ती बोटानं सारखी सोडवत होते.

संध्याकाळी सासूजींना विचारलं. कंचनबाई म्हणजे माझ्या सासूजी, फार सरळ बाई. आम्ही घरात मारवाडी बोलत असू. इथं मी ते मराठीत लिहिते आहे, पण त्यांचा आवाज मला मारवाडीतच ऐकू येतो. त्या पापडाच्या लाट्या करत होत्या.

"म्हटलंस का तू? अरे देवा. सांगायचं राहूनच गेलं, बींदणी." सुनेला आमच्यात बींदणी म्हणतात. "चाल तिची. शब्द माझे. ती रोज दुपारी वर बसून तेच वाजवायची, मी खाली पापड लाटायची. कानात बसलं. लोक विचारायचे, कंचनबाई, सून वाजवते ते कुठलं गाणं? मी काय सांगू? कुठलंच नाही म्हणू? चाल आहे आणि गाणं नाही, असं कधी असतं का? मग मी भगवंताचे शब्द घातले. आपल्यात पहिल्यापासून घालतात, चांगली चाल मिळाली की तिच्यावर स्तवन बसवायचं."

"आणि त्यांना चाललं?"

"ती हसली. म्हणाली, सासूजी, तुम्ही उजवा हात घेऊन गेलात, डावा इथंच ठेवलात. मला काय कळतंय ते. सूर काय कुणाच्या बापाचा असतो?" त्यांनी पिठाचा हात लागू नये म्हणून मनगटानं डोळे पुसले. "चातुर्मासात बाहेरगावच्या बायका आल्या, शिकून गेल्या. शहाद्याला गेलं, तुमच्या म्हसावदला गेलं. ती गेली, पेटीवर कापड पडलं. त्याला वाटतं मी तिच्या चालीचं वाटोळं केलं. मला वाटतं, निदान तेवढं तरी मी चालतं ठेवलं. आता तूच सांग, कोण खोटं?"

मी लाट्या त्यांच्या हाताशी सरकवत राहिले. ते मला आजही सांगता येत नाही.

माडीवरची ती खोली बंद नव्हती, फक्त तिथं कुणी जात नसे. दगूबाईची ती मोठी पेटी म्हणजे पियानो, तो भिंतीला लावून ठेवला होता, त्याच्यावर लाल खादीचा पलंगपोस. रेल्वेच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा यांनी तो घेतला होता. त्याच्या मड्डमनंच लाडकंवरबाईंना वाजवायला शिकवलं होतं; पडदा लावलेल्या टांग्यातून त्या दुपारी स्टेशनाकडे तिच्या बंगल्यावर जायच्या. पियानो बैलगाडीतून आला तेव्हा खाचखळग्यांत तो आतल्या आत वाजत होता आणि अर्धं गाव त्याच्यामागून चाललं होतं, हे दगूबाई रंगवून सांगायची. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले ती वैशाखात. बाहेर झळा होत्या. सासूजी ओलं फडकं डोक्याला बांधून खाली निजल्या होत्या. मी पलंगपोस बाजूला केला, झाकण उघडलं. आतून कापूर आणि जुन्या लाकडाचा वास आला. कसर लागू नये म्हणून कुणीतरी कापूर ठेवत होतं. कोण ठेवत होतं हे विचारायची गरज नव्हती. पांढऱ्या पट्ट्यांवर सुद्धा कापसाचं पीस होतं. मी एका बोटानं एक पट्टी दाबली. ती माझ्या अंदाजापेक्षा खोल गेली आणि आवाज थोडा उशिरा आला, जणू आत कुणीतरी ऐकून मग उत्तर दिलं.

मग मी रोज जायला लागले. एका बोटानं मी ती चाल शोधत होते. मनात स्तवनाचे शब्द म्हणायचे आणि प्रत्येक अक्षराला पट्टी शोधायची. सापडली की अंगावर काटा यायचा. मी हे का करत होते? ते घरी असले की मान खाली घालून जेवायचे, भाजी चांगली झाली तर आणखी घ्यायचे, आजारी पडले तर माझ्या हातून काढा घ्यायचे. वाईट वागले असं एकदाही नाही. पण त्यांची नजर माझ्यापाशी येऊन कधी थांबली नाही. जिन्यातल्या त्या सकाळी मात्र ते थांबले होते. माझ्याच आवाजानं थांबले होते. त्यांना पुन्हा थांबवण्याची एवढी एकच वाट मला ठाऊक होती. ती तिच्या अंगणातून जाते हे मला कळत होतं. दुसरी वाटच नव्हती.

एका दुपारी ते जिनातून लवकर परत आले. मला पावलं ऐकू आली नाहीत. शेवटच्या ओळीला मी मान वर केली तर ते दारात. मी उठले, पदर घेतला, झाकण लावायला गेले.

"डावा हात कुठं आहे?" ते म्हणाले.

मला वाटलं ते माझ्या हाताबद्दल विचारत आहेत. मी डावा हात पुढं केला. ते हसले. अगदी थोडं, पण हसले. मग भिंतीजवळचं बुटकं स्टूल ओढून पियानोच्या डाव्या अंगाला बसले. ते तिथंच बसत असणार, कारण स्टुलाच्या पायांचे वळ तिथल्या फरशीवर आधीपासून होते.

"तू वाजवतेस ते स्तवन आहे. पियानोवर वाजवलेलं स्तवन."

"चाल तर त्यांचीच ना?"

"चाल तिची. पण हे तिचं नव्हे." त्यांना शब्द सापडत नव्हते, कापसाच्या भावाशिवाय ते एवढं कुणाशी बोलत नसत. "बघ, पाहुणे आले की ती नाटकातली पदं वाजवायची. लोक खूश व्हायचे, ओळखीचं वाटायचं. पण पद गळ्यासाठी केलेलं असतं. ते पियानोवर येतं म्हणजे पाहुणं येतं. बसतं, पाणी पितं, जातं. हे मात्र इथलंच होतं. याला मागं गाणं नाही. हे बोटांतच झालं. गळ्याला एका वेळी एकच गोष्ट सांगता येते. तिचा उजवा हात काहीतरी सांगायचा आणि डावा त्याच वेळी म्हणायचा, नाही. तो 'नाही' आईच्या स्तवनात आलाच नाही. तो नसला की नुसती गोड चाल उरते."

आणि ते डाव्या हाताचं गुणगुणायला लागले. खालच्या, घोगऱ्या आवाजात. त्यांना वाजवता येत नव्हतं, पण इतकी वर्षं शेजारी बसून ते त्यांच्या अंगात गेलं होतं. मी खालच्या पट्ट्यांवर ते शोधू लागले. "आणखी खाली. नाही, इतकं नाही." पावसाळा लागेपर्यंत हे चाललं. ते दुपारी घरी यायला लागले.  सासूजी खालून दोन पेले ताक वर पाठवू लागल्या. माझ्या सगळ्या आयुष्यात सुखाचे दिवस कुठले असं कुणी विचारलं तर मला त्या दुपारी सांगाव्या लागतील. ते माझ्या शेजारी बसायचे. माझ्या बोटांकडे बघायचे. चुकलं की "अंहं" म्हणायचे, आणि त्या "अंहं"मध्ये परकेपणा नसायचा. डावा हात वेगळा चालायला लागला त्या दिवशी मला भीती वाटली. उजवा हात माझ्या ओळखीचा रस्ता चालत होता आणि डावा त्याच्या विरुद्ध, हट्टानं, पाय रोवून. दोन्ही हात माझेच होते. तेव्हा मला ते काय म्हणत होते ते समजलं; समजलं म्हणजे हातांना समजलं. आम्ही बायका जी म्हणत होतो ती त्या वस्तूची सावली होती. आणि लगेच दुसरंही समजलं, की हे समजावून घेताना मी ज्या माणसाच्या जवळ जाते आहे तो मात्र माझ्यातून आरपार बघतो आहे, खिडकीतून बघावं तसा.

त्याच सुमारास एकदा त्यांनी मला टांग्यातून छगनलालच्या दुकानात नेलं. गावात ग्रामोफोनच्या तबकड्या त्याच्याकडेच मिळायच्या. मला घेऊन ते प्रथमच बाहेर पडले होते. मी मोरपंखी साडी नेसले होते. ती माझी होती, लाडकंवरबाईंच्या कपड्यांतली नव्हती. त्यांना एका नाटकातल्या पदाची तबकडी हवी होती. छगनलालनं लावली. ते दोन ओळी ऐकून म्हणाले, "ही ती बाई नाही. दुसरीच कुणी म्हणतेय."

"दुसरीच शे, शेठ. असलवाली संपनी. पन गानं तेच शे ना? शब्द तेच, चाल तीच. मंग बाई कोनती बी ऱ्हावो!" आणि तो आपल्याच बोलण्यावर मोठ्यानं हसला. हसता हसता त्याची नजर माझ्यावर आली. त्याचं तोंड उघडंच राहिलं. तबकडी फिरत होती, ती दुसरी बाई जीव तोडून गात होती. चांगलं गात होती, हे मला अजून आठवतं. "चाय मांगाडू का?" छगनलाल म्हणाला. यांनी मान हलवली. तबकडी न घेताच आम्ही निघालो. टांग्यात ते म्हणाले, "त्याचं मनावर घेऊ नकोस." मी म्हटलं, "कशाचं?" त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मीही बाहेर बघत राहिले; एका परसात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या तिखट खाटानं डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला कारण मिळालं.

चालीच्या मध्ये एक जागा होती. पहिला भाग वाजवून झाला की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "आता इथं काहीतरी होतं." काय होतं ते त्यांना आठवत नव्हतं. स्तवनात त्याचा मागमूस नव्हता. सासूजींनी तेवढा भाग सोडूनच दिला होता, त्याला शब्द बसेनात म्हणून. "ती इथं उतरायची. नाही, चढायची. आधी थांबायची." ते डोळे मिटून बसायचे. कपाळावर शीर उठायची. एकदा ते म्हणाले, "तीन वर्षांत मी एवढं विसरलो," आणि त्यांनी आपल्याच गुडघ्यावर मूठ मारली. मला त्यांची दया यायची. त्याहून खरं सांगायचं तर, ती जागा रिकामी आहे याचा मला कुठंतरी आधार वाटायचा. एवढ्या भरलेल्या घरात तेवढीच जागा मोकळी होती.

भाद्रपदातली गोष्ट. पर्युषण नुकतंच संपलं होतं. पहिला भाग झाला, त्यांनी नेहमीसारखा हात वर केला, आणि माझे हात थांबलेच नाहीत. मी ठरवलं नव्हतं. म्हसावदला आमच्या घरासमोर पाटलांचं कडुनिंबाचं झाड होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी त्याला झोके बांधायच्या आणि गाणी म्हणत आभाळात जायच्या. आम्हा शेठांच्या मुलींना तिथं जायची परवानगी नव्हती. मी खिडकीच्या गजांतून बघायची. झोका वर जातो, अगदी वर, तिथं क्षणभर थांबतो, आता पुढंच जाईल असं वाटतं, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या किंचित आधीच परत फिरतो. ते आधी परत फिरणं माझ्या पोटात असायचं. मी खिडकीत उभी असूनही पोटात असायचं. तेच माझ्या डाव्या हातात आलं. उजवा हात वर गेला, थांबला, डाव्यानं त्याला वेळेआधीच ओढून घेतलं. पुन्हा. पुन्हा. आणि मग मी लाडकंवरबाईंच्या चालीच्या उरलेल्या भागात अलगद उतरले, जणू रस्ता तिथूनच होता.

मी थांबले.  मी वळले तर ते रडत होते. पुरुषाला तसं रडताना मी पाहिलं नव्हतं. तोंड न झाकता, मुलासारखं.

"हेच," ते म्हणाले. "हेच ते. हेच ती वाजवायची."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दिवसाउजेडी, आपण होऊन, प्रथमच. त्या हाताचं वजन मला अजून सांगता येईल. मी काहीही न बोलता तशीच बसले असते तर तो हात आणखी काही वेळ तिथं राहिला असता. पण मला सतराव्या वर्षी एवढी अक्कल नव्हती, आणि मला फार आनंद झाला होता.

"हे मी केलं," मी म्हटलं.

"काय?"

"मधलं. ते मी आत्ता केलं. आमच्याकडे आखाजीचे झोके असतात ना, त्याचं."

त्यांनी डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेनं त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "सरला," ते म्हणाले, "तुला तसं वाटतं. तुझ्या बोटांत ती आली. मी ओळखतो ना तिला."

"पण खरंच..."

"वेडी," ते म्हणाले.

 खाली सासूजी कुणाला तरी हाक मारत होत्या. मला वाटलं, आपण आत्ता काहीतरी जन्माला घातलं आणि ते आपल्याच देखत दुसरीच्या ओटीत गेलं. आणि ते तिच्या ओटीत गेलं म्हणूनच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं म्हणून ते ऐकलं असतं तर ते म्हणाले असते, छान आहे, आणि जेवायला उठले असते. हे मला तेव्हा शब्दांत कळलं नाही. तेव्हा फक्त गळ्यातली पत्री गार लागली आणि मी ती पदराखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी दगूबाईला विचारलं, की तू दोघींचं ऐकलंस, लाडकंवरबाई मधलं असंच वाजवायच्या का? ती म्हणाली, "माले काय ठाऊक माय? मी भांडा घासू का कान देऊ? तुम्हनं तुम्हनं तुम्ही देखा." मग तवा उपडा घालून म्हणाली, "पन आते ऐकस तं माले मन्हं माहेर दिखस. पहिले दिखे का नही, ते याद नही." एवढी एकच साक्ष, आणि तीही अर्धवट.

त्यानंतर ती चाल घरात वाजू लागली. पाहुणे आले की ते मला वर बोलवायचे. "लाडकंवरनं केलेलं आहे," ते सांगायचे, "कशावरून उचललेलं नाही. अस्सल पियानोचं." लोक मधल्या भागाला माना डोलवायचे. सुरतेहून आलेला एक व्यापारी म्हणाला, "त्या बाई मोठ्या असल्या पाहिजेत. मधलं ऐकून पोटात खड्डा पडला." मी हात जोडले. उठून सरबत आणायला खाली गेले. जिन्यात मध्येच थांबले, आणि त्यांचं वरचं बोलणं ऐकत राहिले. मी पियानोवर आणखीही काही बसवलं होतं त्या वर्षांत. माझं, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं. ते एकदा त्यांना वाजवून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. ते फार सभ्य होते. "छान आहे," म्हणाले. "आता ते वाजव."

सासूजी एकेचाळीस साली गेल्या. शेवटच्या दुपारी गल्लीतल्या बायका उशाशी बसून तेच स्तवन म्हणत होत्या, आणि हे दाराला टेकून उभे होते. उठून गेले नाहीत. मड्डमचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. छगनलाल रेडिओ विकू लागला आणि श्रीमंत झाला; मला पाहिलं की शेवटपर्यंत रस्ता बदलायचा. दगूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तिला भाऊ सारंगखेड्याला घेऊन गेला. ती तिथं पुष्कळ वर्षं जगली म्हणतात. आम्हाला एक मुलगी झाली. तिला संगीताचा कान नव्हता आणि मला त्याचं बरं वाटलं. मी आता तिच्याकडेच असते. पियानो यांच्यामागं मी नवापूरकडच्या एका शाळेला देऊन टाकला. जिन्यातून उतरवताना तो आतल्या आत वाजला, आणि हमाल थांबून एकमेकांकडे बघायला लागले. मग कधी कशाला हात लावला नाही.

हे सत्तेचाळीस साली आजारी पडले. जन्मभर कापसाचं पीस छातीत गेलं होतं, श्वास पुरेना. त्यांची खाट मी पियानोच्या खोलीत घातली होती. कार्तिकातली दुपार होती, खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. ते म्हणाले, "ते वाजव." मी बसले. पहिला भाग वाजवला. मधल्या जागेशी आले आणि मी ती सोडली. सासूजींनी सोडली होती तशी, सरळ पुढच्या भागात गेले आणि संपवलं. का, ते सांगत नाही. मलाच नीट ठाऊक नाही. त्यांचा हात पांघरुणावरून वर उठला होता, तो तसाच राहिला.

"राहिलं," ते म्हणाले.

"काय राहिलं?"

"मधलं. मधलं राहिलं, सरला. त्याच्यावाचून काही नाही त्यात."

मी त्यांच्याकडे वळून बसले. अकरा वर्षांत मी पुन्हा कधी विचारलं नव्हतं. "ते कुणाचं?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. छातीतली घरघर ऐकू येत होती. मला वाटलं त्यांना समजलं. मला वाटलं ते आता सांगतील.

"तिचं," ते म्हणाले. लहान मुलाला समजावतात तसं, हळूच. "तिचंच ना ते."

मग मी पहिल्यापासून सगळं वाजवलं, मधल्यासकट. मार्गशीर्षात ते गेले.